शाळेच्या दाराशेजारची काळी पाटी

निशिगंधा_ठाणे | १७ जुलै, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, लिहायची वेळ आज आली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ठाण्याहून पॅरिसला आलो, अकराव्या अरोंदिसमाँमध्ये राहतो (म्हणजे आपला वॉर्ड समजा). लेक आठ वर्षांची, जवळच्याच सरकारी शाळेत जाते. त्या शाळेच्या दाराशेजारी भिंतीवर एक काळी दगडी पाटी आहे. पहिलं वर्षभर मला फ्रेंच वाचता येत नव्हतं त्यामुळे मी समजून चालले होते की शाळेला देणगी दिली त्यांची पाटी असेल, आपल्याकडे असते तशी. हसू नका.

पाटी देणगीदारांची नाही. १९४२ ते १९४४ मध्ये या शाळेतली जी मुलं नेली गेली, 'ज्यू म्हणून जन्मली म्हणून', त्यांच्या आठवणीसाठी आहे. नाझींचं क्रौर्य आणि त्याला तेव्हाच्या फ्रेंच व्हिशी सरकारची सक्रिय साथ, असं स्पष्ट लिहिलंय. अशा पाट्या इथे शेकडो शाळांवर आहेत.

परवा १४ जुलैचे फटाके झाले, आणि काल तिथून जाताना पाटीच्या हुकाला कुणीतरी फुलं अडकवलेली दिसली. शाळेला सुट्टी, रस्ता रिकामा, लेक थांबली आणि सगळं मोठ्याने वाचलं तिने. मग विचारलं, कुठे नेलं? कोणी नेलं? मी म्हटलं जर्मन लोकांनी. तर म्हणे आई इथे तर फ्रेंच सरकार पण लिहिलंय. आणि मग त्यांची दप्तरं शाळेतच राहिली का? याचं उत्तर मला देता आलं नाही, आम्ही बेकरीत गेलो.

तर प्रश्न असा की आठ वर्षांच्या मुलीला हे किती आणि कसं सांगायचं. तुमच्यापैकी युरोपात राहणाऱ्यांनी काय केलं?

अर्धा_कप_चहा | १७ जुलै, १०:४१

शीर्षक वाचून वाटलं शाळेत काही भानगड झाली की काय. ऑफिसात आहे, रात्री नीट वाचतो.

खडूस_आजोबा | १७ जुलै, ११:०५

'वाईट लोकांनी नेलं' म्हणावं आणि विषय बदलावा. आठ वर्षांच्या पोरीला रात्री झोप लागली पाहिजे. आमच्या आज्यांनी आम्हाला प्लेगच्या गोष्टी सांगितल्या त्या अजून आठवतात, कुणाचं भलं झालं त्याने?

निशिगंधा_ठाणे | १७ जुलै, ११:३०

आजोबा, ती वाचून मोकळी झालीये ना. मी बदलला विषय तर ती वर्गातल्या मैत्रिणीला विचारेल.

मी_मुंबईकर_२ | १७ जुलै, १२:१५

नक्की काय झालं होतं पॅरिसमध्ये? मला ॲन फ्रँक सोडून काही माहीत नाही आणि ती पण हॉलंडची.

निशिगंधा_ठाणे | १७ जुलै, दुपारी ३:५०

@मुंबईकर, गेले दोन दिवस तेच वाचतेय, जेवढं पक्कं समजलं तेवढं लिहिते. लांबलंय, सांभाळून घ्या.

जून १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिस घेतलं. उत्तर भाग त्यांच्या ताब्यात आणि दक्षिणेत व्हिशी गावात बसलेलं मार्शल पेताँचं फ्रेंच सरकार. पण पोलीस फ्रेंचच, पॅरिसमध्येसुद्धा. जून १९४२ पासून ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा शिवायची सक्ती झाली. आणि १६ जुलैला पहाटे चार वाजल्यापासून फ्रेंच पोलीस घरोघरी गेले, दोन दिवस. आधी तारखा १३ पासूनच्या ठरत होत्या पण मध्ये १४ जुलै, राष्ट्रीय सण, म्हणून पुढे ढकललं! पकडायचे होते ते जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, रशिया वगैरेतून आलेले आणि कुठलंच नागरिकत्व नसलेले ज्यू. यादीत २७ हजारांवर नावं होती, सापडले १३,१५२. पुरुष ३,११८, बायका ५,९१९, मुलं ४,११५.

बायका-मुलं एवढी जास्त का, तर बातमी थोडीफार फुटली होती, यिद्दिशमधली (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) पत्रकं पण वाटली गेली होती, पण लोकांचा समज असा की नेतील तर पुरुषांना नेतील. कारण आदल्या वर्षी मे महिन्यात हिरव्या कागदाची चिठ्ठी पाठवून चौकीवर बोलावून अडकवले ते ३,७०० सगळे पुरुषच होते. त्यामुळे या वेळी बाप लपले आणि आया मुलांना घेऊन घरात थांबल्या.

एकटेदुकटे आणि मुलं नसलेले, त्यांना सरळ पॅरिसजवळच्या द्रान्सीच्या छावणीत नेलं. मुलंबाळंवाल्यांना पॅरिसच्या नेहमीच्या सिटी बसमध्ये घालून आयफेल टॉवरपासून जवळच सायकल शर्यतींचं एक इनडोअर स्टेडियम होतं तिथे, त्याला वेल दिव म्हणायचे. आठ हजारांवर माणसं. भर जुलै, ब्लॅकआउटसाठी छपराच्या काचा रंगवलेल्या, संडास मोजके आणि तेही तुंबले, प्यायला पाणी नाही. अग्निशमन दलाच्या काही जवानांनी होज सोडून पाणी दिलं आणि लोकांच्या चिठ्ठ्या आपल्या खिशातून बाहेर नेऊन पोस्टात टाकल्या.

तिथून पिथिविए आणि बोन-ला-रोलांद या गावांतल्या छावण्या. आणि इथे मी वाचायचं थांबवलं होतं थोडा वेळ. आयांना आधी गाडीत घातलं, मुलं मागे राहिली, दोन-दोन तीन-तीन वर्षांची पण. जर्मनांनी तोवर सोळाखालची मुलं मागितलीच नव्हती, मुलंही न्या असं पंतप्रधान लावालने आपणहून सुचवलं होतं. बर्लिनहून होकार येईपर्यंत मुलं तशीच. मग ऑगस्टमध्ये द्रान्सीमार्गे आउशवित्झ, पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी. यातली बरीच मुलं फ्रान्समध्ये जन्मलेली, कागदोपत्री फ्रेंच नागरिक. जवळपास कुणीच परत आलं नाही.

दप्तरांचं मला कुठे सापडलं नाही. शाळेला सुट्टी लागलेली असणार तेव्हा, म्हणजे दप्तरं घरी.

चणे_फुटाणे | १७ जुलै, सायं. ५:०२

बापरे.

बोरूबहाद्दर | १७ जुलै, ५:४४

याला फ्रेंचात 'राफ्ल' म्हणतात. मराठी पेपरांत कुठेकुठे 'छापा' वाचलंय ते चूक आहे, छापा जुगाराच्या अड्ड्यावर पडतो, तिथे काहीतरी सापडावं म्हणून. आणि 'अटकसत्र' म्हटलं की नेते डोळ्यासमोर येतात. आपला साधा शब्द धरपकड. माझे आजोबा 'बेचाळीसची धरपकड' म्हणायचे ते आपल्या नऊ ऑगस्टबद्दल, गवालिया टँकच्या सभेनंतर पहाटे नेत्यांना उचललं ते. वर वाचताना लक्षात आलं की दोन्ही एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यातलं, ही मुलं ऑगस्टच्या गाड्यांत होती तेव्हा इकडे पुढारी आगाखान पॅलेस आणि नगरच्या किल्ल्यात. पण आपल्या लोकांना त्यांनी काहीतरी केलं म्हणून धरलं. पाटीवरचं 'जन्मली म्हणून' हे त्यासाठीच असणार.

निवृत्त_कारकून | १७ जुलै, रात्री ९:१०

मी ३४ वर्षं एका जिल्ह्याच्या गावी आस्थापना शाखेत काम केलं. धागा वाचून एकच प्रश्न पडला की पहाटे चारला कुठल्या दारावर जायचं हे पोलिसांना कळलं कसं, आणि दुपारभर तेच शोधत बसलो.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मनांनी हुकूम काढला की ज्यूंनी ऑक्टोबरात आपापल्या चौकीवर जाऊन नोंद करावी. पॅरिस आणि आसपासच्या भागात दीड लाखाच्या आसपास लोक रांगा लावून गेले. कायदा पाळणारी माणसं हो, फॉर्म आला की भरायचा. त्यावरून पोलीस मुख्यालयातल्या आंद्रे त्युलार नावाच्या अधिकाऱ्याने कार्डं तयार करून घेतली आणि ती चार तऱ्हेने लावली: नावावरून, रस्त्यावरून, धंद्यावरून, राष्ट्रीयत्वावरून. म्हणजे एकच माणूस चार खणांत सापडणार. खरं सांगतो, वाचताना पहिल्यांदा मला त्याच्या कामाचं कौतुक वाटलं. आमच्याकडे सेवापुस्तक एका जागी सापडत नसे. मग आपल्याला कसलं कौतुक वाटलं हे कळून पोटात गोळा आला.

पोलिसांना दिलेल्या सूचना पण उपलब्ध आहेत. घर सोडताना गॅस, वीज, पाण्याचे मीटर बंद आहेत ना बघा. घरातली जनावरं इमारतीच्या केअरटेकरकडे द्या. काम जास्तीत जास्त वेगाने, अनावश्यक न बोलता आणि कसलीही टिप्पणी न करता करा. मी अशा भाषेत हजारो परिपत्रकं टाइप केली आहेत. 'सदर कार्यवाही विनाविलंब करण्यात यावी.' त्या माणसाने मांजराचा विचार केला होता.

अर्धा_कप_चहा | १७ जुलै, १०:३०

काका, शेवटची ओळ.

फौजदार_निवृत्त | १८ जुलै, सकाळी ७:१५

सुप्रभात. मी खात्यात होतो, अर्थात पोलीस. सगळे पोलिसांवर घसरणार हे दिसतंय म्हणून लिहितो.

बंदोबस्ताला उभं असताना माणूस विचार करत नाही. ड्युटी किती तासांची, जेवणाचं पाकीट कधी येणार, रिलीव्हर येतो की नाही, हे डोक्यात असतं. तिथेही असेच असणार, हजारो. त्यातल्या काहींनी आदल्या संध्याकाळी जाऊन 'उद्या घरी थांबू नका' सांगितलं, २७ हजारांचे १३ झाले त्यात त्यांचा पण हात आहे. आणि नान्सी नावाच्या गावाचं वाचा. तिथे १९ जुलैला अशीच धरपकड व्हायची होती, परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या शाखेचा प्रमुख एदुआर व्हिन्येरों आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी आधी घरोघर निरोप दिला, काहींना प्रवासाची कागदपत्रं करून दिली. साधारण ३८५ पैकी साडेतीनशे वाचले. तीच शाखा, तेच रजिस्टर.

म्हणजे करता येत होतं. मी असतो तर केलं असतं का, ते माहीत नाही, उगाच छाती पुढे काढून लिहीत नाही.

पण वरच्यांचं वेगळं. रने बुस्के, पोलिसांचा वरिष्ठ, ज्याने जर्मनांशी बोलणी करून आपले पोलीस देऊ केले, त्याला १९४९ साली नावापुरती शिक्षा झाली ती पण लगेच माफ, पुढे बँकेत मोठ्या हुद्द्यावर. १९९१ मध्ये परत आरोप ठेवले, खटला उभा राहायच्या आत १९९३ ला कुणीतरी घरी जाऊन गोळी घातली. या आरोपांसाठी कोर्टात एक दिवस उभा राहिला नाही. असले अधिकारी कुठल्याही खात्यात बघायला मिळतात, पेन्शन पूर्ण.

खडूस_आजोबा | १८ जुलै, ७:५८

फौजदार, हे मात्र बरोब्बर.

मी_मुंबईकर_२ | १८ जुलै, ११:२०

स्टेडियमच्या आतला फोटो मिळाला. खाली बसलेली माणसं, गादीवर पडलेली. टाकतो इथे.

निशिगंधा_ठाणे | १८ जुलै, १२:०५

थांबा, तो नका टाकू! तो फोटो वर्षानुवर्षं पुस्तकांत वेल दिवचा म्हणून छापला जायचा, पण तो १९४४ चा आहे, पॅरिस मुक्त झाल्यावर जर्मनांना साथ देणाऱ्यांना पकडून त्याच स्टेडियममध्ये ठेवलं होतं त्यांचा. इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्डनी १९८३ मध्ये ही चूक दाखवली. १६-१७ जुलैचा म्हणून एकच फोटो माहीत आहे, बाहेरून काढलेला, रिकाम्या बस ओळीने उभ्या. तेवढाच. माणसं दिसत नाहीत त्यात.

मी_मुंबईकर_२ | १८ जुलै, १२:११

अरे देवा. सॉरी. गूगलवर पहिलाच आला.

ट्युलिपवाली | १८ जुलै, रात्री ८:४०

मी ॲमस्टेलव्हेनला, इथे आता अर्ध पुणं राहतं. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना शाळेने नेलं होतं ॲमस्टरडॅमच्या नावांच्या स्मारकाला. २०२१ मध्ये झालंय, विटांच्या भिंतीच भिंती, एक लाख दोन हजारांवर विटा आणि प्रत्येक विटेवर एक नाव, जन्मतारीख आणि वय. बहुतेक ज्यू, दोनशेच्या वर रोमा आणि सिंती (युरोपातल्या भटक्या जमाती) पण. ५० युरो भरून कुणीही एक नाव 'दत्तक' घेऊ शकत होतं, तशी बांधायला मदत झाली. मुलगा घरी येऊन फक्त एवढंच म्हणाला की विटा मोकळ्या पण आहेत काही. नाव नसलेल्या. पुढे कुणाचं नाव सापडलं तर म्हणून. एवढ्यावर मी त्याला काही समजावायला गेले नाही.

इकडचीही गोष्ट सांगते, फेब्रुवारी १९४१ मध्ये ज्यू मोहल्ल्यात चारशेच्या वर तरुण मुलांना चौकात पकडून गुडघ्यावर बसवलं. तर दोन दिवसांनी शहराने संप केला, ट्राम बंद, गोदी बंद. जर्मनांनी मोडून काढला, पण झाला. त्याच चौकात गोदी कामगाराचा पुतळा आहे, दर २५ फेब्रुवारीला गर्दी असते. आणि एवढं होऊनसुद्धा हॉलंडमध्ये १ लाख ४० हजार ज्यूंतले एक लाखाच्या वर गेले, फ्रान्सपेक्षा प्रमाण कितीतरी जास्त. इथली सरकारी नोंदणी पण फार व्यवस्थित होती, @कारकून काका.

बर्लिनकर | १८ जुलै, १०:१५

आमच्याकडे पाटी भिंतीवर नाही, पायाखाली. श्टोल्परश्टाइन, ठेच लागण्याचा दगड. गुंटर डेम्निग नावाच्या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलं. फूटपाथमध्ये दहा बाय दहा सेंटीमीटरचा पितळी चौकोन, माणूस जिथून नेला त्या घराच्या दारासमोर. वर लिहिलेलं असतं 'इथे राहत होता', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. २०२३ मध्ये एक लाखावा बसवला. माझ्या बिल्डिंगसमोर चार आहेत, आईबाप आणि दोन मुलं. ९ नोव्हेंबरला (१९३८ मध्ये त्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं-देवळं फोडली होती) शेजारी खाली बसून पितळ घासतात, मी पण घासतो, घरून पितांबरी आणलेली कामाला येते.

ठेंगणी_ठुसकी | १८ जुलै, १०:५०

पितांबरी 😄 पण मला एक सांगा, मेलेल्या माणसाच्या नावावर लोक पाय देऊन जातात? मला वाचूनच कसंतरी झालं. आपण पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतो. उद्देश चांगला असेल पण जमिनीत नाव??

बर्लिनकर | १८ जुलै, ११:०२

मला पण पहिले सहा महिने तसंच व्हायचं, उड्या मारत चालायचो. डेम्निगचं म्हणणं आहे की नाव वाचायला तुम्हाला वाकावं लागतं.

बोरूबहाद्दर | १९ जुलै, सकाळी ६:३०

ठुसकी, पंढरपूरला गेला आहात ना? महाद्वारातली नामदेवाची पायरी. नामदेवांनी मागितलंच ते होतं, की संतांच्या पायाची धूळ माझ्यावर पडो. आणि कोकणात गोव्यात कितीतरी देवळांत फरशीवर देणगीदाराचं नाव किंवा साष्टांग घातलेल्या भक्ताची आकृती कोरलेली असते, मुद्दाम, पाय लागावेत म्हणून. तेव्हा पायाखालचं नाव म्हणजे अपमान असं आपल्याकडेही सरसकट नाही.

ठेंगणी_ठुसकी | १९ जुलै, ८:२०

बोरू, दोन गोष्टी. एक, नामदेवाच्या पायरीवर आजकाल कुणी पाय देत नाही, ओलांडून जातात आणि डोकं टेकवतात, म्हणजे लोकांनीच ठरवलं की नाही द्यायचा. दुसरं आणि महत्त्वाचं, नामदेवाने स्वतः मागितलं. देणगीदाराने स्वतः मागितलं. या माणसांना कुणी विचारलं होतं? त्यांना आधीच ढकलत नेलं, आता नाव पण फूटपाथवर.

बर्लिनकर | १९ जुलै, ९:४५

ठुसकी, हेच म्युनिकमध्ये झालं. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोटे क्नोब्लोख, स्वतः लहानपणी लपून वाचलेल्या, त्यांनी हाच मुद्दा मांडला की या लोकांना तुडवलं गेलं, नावं परत पायदळी नकोत. शहराने सार्वजनिक रस्त्यांवर परवानगी नाकारली, आता तिथे भिंतीवर नाहीतर खांबावर पाट्या लावतात. दुसरीकडे कितीतरी कुटुंबं स्वतः अर्ज करून दगड बसवून घेतात. दोघंही त्याच लोकांचे वारस. मला कुणाची बाजू घेता येत नाही. दगड मात्र मी घासतो.

बोरूबहाद्दर | १९ जुलै, १०:००

'त्याने स्वतः मागितलं' याला माझ्याकडे उत्तर नाही. पास.

चणे_फुटाणे | १९ जुलै, १०:०३

बोरू पास म्हणाला!! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

कोल्हापुरी_ठेचा | १९ जुलै, १:३०

आमच्या कोल्हापूरला पण ज्यू निर्वासित होते युद्धात, वळिवडे कॅम्प. ५००० लोक. स्मारक पण आहे.

नवगावचा_नातू | १९ जुलै, २:१५

@ठेचा, वळिवड्याचे पोलिश होते, १९४३ ते ४८, पण बहुतेक सगळे कॅथलिक. त्यांना रशियनांनी घरं सोडायला लावून सायबेरियाकडे नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे आले. तेही सोसलेलेच, पण गोष्ट वेगळी. हिटलरपासून पळून आलेले ज्यू जास्त करून मुंबईत आले, १९३४ मध्ये तिथे त्यांच्यासाठी मदत संस्था निघाली होती. आकाशवाणीची ती सकाळची सिग्नेचर ट्यून ज्याची म्हणतात तो वॉल्टर कॉफमन त्यातलाच. आणि गंमत बघा, युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी यांच्यातल्या काहींना जर्मन पासपोर्ट म्हणून नगरला कोंडलं, नाझी जर्मनांच्याच सोबत.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. लोकांना वाटतं ज्यू म्हणजे आमच्या घरी याच्या आठवणी असणार. काही नाहीत. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर लागले, अलिबागेत तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवून, आम्हाला इथे कुणी कधी दारावर येऊन नाव विचारलं नाही. १९४२ मध्ये माझे आजोबा रेल्वेत होते आणि त्यांची चिंता रेशनची होती.

माझी आत्या पन्नाशीच्या दशकात इस्राएलला गेली, आता अश्दोदला असते. तिकडे दरवर्षी स्मरणदिनाला भोंगा वाजतो, दोन मिनिटं सगळं शहर थांबतं, गाड्यासुद्धा हायवेवर. सुरुवातीला शेजारणी तिला विचारायच्या, तुमचे किती गेले? ती म्हणायची एकही नाही. तर त्या बघतच राहायच्या, जणू ही खोटी ज्यू. त्यात साठच्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी बेने इस्राएल लग्नाला चालतात की नाही असा वाद काढला होता, १९६४ पर्यंत आंदोलनं करावी लागली, ते वेगळंच. आत्या म्हणते, भोंगा वाजला की मी उभी राहते, माझं कुणी नाही गेलं, तर मग मी निदान एक अनोळखी नाव धरून उभी राहते. फोनवर मराठीत सांगते हे, 'एक नाव धरून'. कुठलं नाव ते मी कधी विचारलं नाही.

अर्धा_कप_चहा | १९ जुलै, २:४०

या धाग्यावर ऑफिसात यायला नको.

मराठा_गडी_पुणे | १९ जुलै, ६:१०

सगळं ठीक आहे पण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख मेले आपले, त्यांच्या नावाच्या विटा कुठे? आणि गाझात आत्ता काय चाललंय त्यावर कुणी

संपादक मंडळ | १९ जुलै, ६:४५

गाझाबद्दलचे या प्रतिसादानंतरचे १४ प्रतिसाद चालू घडामोडींच्या धाग्यावर हलवले आहेत. तिकडे लिहा, मोकळेपणी लिहा. इथे मूळ विषय राहू द्या.

निवृत्त_कारकून | १९ जुलै, रात्री ९:३०

गडींचा बंगालचा प्रश्न मात्र रास्त आहे, त्याला बगल देऊ नये.

क्लार्सफेल्डनी १९७८ मध्ये फ्रान्समधून नेलेल्यांची नावं छापली, सुमारे ७६ हजार, गाडीवार. ती नावं त्यांना कुठून मिळाली? प्रत्येक गाडीची यादी टाइप केलेली होती, पातळ कागदावरच्या कार्बन प्रती उरल्या होत्या, त्यावरून. ज्या यादीने माणसं नेली त्याच यादीवरून आता भिंतीवर नावं कोरली आहेत. पॅरिसच्या शोआ (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मारकात तर पोलिसांची मूळ कार्डं आणून ठेवली आहेत, १९९१ साली एका मंत्रालयाच्या दफ्तरात मिळाली ती. बंगालात कुणी मेलेल्याचं कार्ड केलं नाही. पोटाला अन्न देताना नोंद होते, न देताना कशाला होईल. क्लार्सफेल्डचे वडील स्वतः दक्षिण फ्रान्समधल्या नीसला पकडले गेले, हे आठ वर्षांचे होते, कपाटाच्या खोट्या पाठीमागे आई-बहिणीबरोबर लपलेले. नंतर आयुष्यभर या माणसाने याद्या लावल्या. त्युलारनेही याद्याच लावल्या.

फौजदार_निवृत्त | १९ जुलै, १०:०५

कारकून साहेब, तुम्ही लेख लिहा.

निवृत्त_कारकून | १९ जुलै, १०:१२

डोळ्यांचं ऑपरेशन झालं की.

डोंबिवली_फास्ट | २० जुलै, सकाळी ९:००

मूळ प्रश्न राहिलाच की. निशिगंधाताई, पोरीला काय सांगितलं शेवटी?

निशिगंधा_ठाणे | २३ जुलै, रात्री ११:१५

उशीर झाला, पाहुणे होते. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले.

मी तिला खरं सांगितलं, थोडक्यात. इथल्या पोलिसांनी नेलं, जर्मनांच्या सांगण्यावरून, आणि इथल्या सरकारने नको म्हटलं नाही. ती म्हणाली मग पाटी कोणी लावली? म्हटलं इथल्याच लोकांनी. यावर तिला फार आश्चर्य वाटलं नाही, मलाच वाटत होतं. या देशाला ते म्हणायला १९९५ उजाडलं, १६ जुलैला राष्ट्राध्यक्ष शिराकने पहिल्यांदा म्हटलं की कब्जेदारांच्या वेडेपणाला फ्रेंचांनी, फ्रेंच राज्याने साथ दिली. त्याच्या आधीचे मित्तराँ म्हणायचे व्हिशी म्हणजे फ्रान्स नव्हेच. माझी मुलगी मात्र आईने कबूल केलं की दोन मिनिटांत विषय संपवते.

रविवारी तिला शोआ स्मारकाला घेऊन गेले, आतलं प्रदर्शन टाळलं, फक्त अंगणातल्या नावांच्या भिंती. वर्षवार लावल्यात, १९४२ ची सगळ्यात लांब. नाव आणि जन्मसाल एवढंच. तिच्या वर्गात नुकतीच हातच्याची वजाबाकी झालीये, इथे वेगळ्या पद्धतीने शिकवतात पण मी घरी आपली शिकवते. ती भिंतीसमोर उभं राहून पुटपुटायला लागली, १९४२ वजा १९३४, दोनातून चार जात नाहीत. आठ. मग पुढचं. १९३८, चार. १९४०, हे सोपं आहे, दोन. मी थांबवायला हवं होतं बहुतेक, आजोबा म्हणतील. नाही थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, आई मोठी माणसं करायची का पण? त्यांची मोठी वजाबाकी येते.

रात्री झोपली नीट. मीच नाही झोपले.

खडूस_आजोबा | २४ जुलै, ६:५०

आजोबा काही म्हणत नाहीत.

निवृत्त_कारकून | २४ जुलै, ८:०५

साल वजा जन्मसाल मी ३४ वर्षं केलं, लोकांचं निवृत्तीचं वय काढायला. ५८.

डोंबिवली_फास्ट | २४ जुलै, १०:३०

ताई, आम्ही सप्टेंबरमध्ये चार दिवस पॅरिसला येतोय. या भिंती कुठे आहेत, तिकीट किती आणि शनिवारी जमेल का? रविवारी आयफेल टॉवर आहे.

निशिगंधा_ठाणे | २४ जुलै, ११:१०

मारे भागात, सँ-पॉल मेट्रोला उतरून पाच-सात मिनिटं चालत. तिकीट नाही, फुकट आहे, दारात बॅगा तपासतात. फक्त शनिवारी बंद.

नवगावचा_नातू | २४ जुलै, ११:१४

शनिवारी बंदच असणार हो. आम्हाला उगाच नाही म्हणत शनिवार तेली.